फाटकाची कडी

तात्याराव वेल्डरच्या बायकोला, सगुणाबाईला, दिसत नव्हतं. जुन्या फाटकावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे दाणे चिकटले होते, ते तिच्या बोटांना टोचायचे. "फाटकाला साधा गॅस बास होतो," असं परभणीचा दुकानदार सांगत होता, तरी नव्या फाटकासाठी तात्यारावांनी वेल्डिंगच्या मशीनला जोडायचा, कमी ठिणग्या उडवणारा महागाचा गॅसच घेतला. सिलिंडर एसटीच्या टपावर टाकून पालमला आणला.

सगुणाबाईनं नव्या फाटकावरून हात फिरवला. "लय गुळगुळीत झालंय हो." मग तिचा हात चाचपडायला लागला. "पर कडी कुठं हाय? मला त्या दाण्यांवरूनच घावायची."

तात्यारावांनी गॅसची चावी बंद केली आणि ठिणग्या उडाव्यात म्हणून गॅसशिवायच मशीन चालवून कडीशेजारी तीन खरबरीत थेंब पाडले. ते निवल्यावर डोळे मिटून आधी स्वतः कडी शोधून पाहिली.