पंख्यावरचा आळ

ऑर्केस्ट्रातल्या वाल्मीकच्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला पंखा असा घरघरायचा, की एकदा मंत्र्यांचं हेलिकॉप्टर आलं समजून सरपंच हार घेऊन मैदानाकडे धावले होते. वाजवताना वाल्मीक चुकला, की बायकोला सांगायचा, "पंख्यानं घात केला गं!" बारा वर्षं तिला ते पटतही होतं.

मग तिनंच त्याच्या वाढदिवसाला मिस्त्रीकडून नवा, अगदी मुका पंखा बसवून घेतला आणि कार्यक्रमाला पहिल्या रांगेत जाऊन बसली. आता आपलं बिंग फुटणार, हे वाल्मीकनं ओळखलं. पहिल्याच गाण्यात तीन सूर घसरले आणि तिन्ही लख्ख ऐकू आले.

मध्यंतरात ती तरातरा आली. वाल्मीकनं मान खाली घातली.

"अहो, पंखा बिचारा निर्दोष होता," ती म्हणाली. "आज कळलं, तो मेला ढोलकीवालाच तुम्हाला चुकवतो!"