दाराआडचा मेकअप

रोशनी अमेरिकेतल्या चँडलर गावच्या वृद्धाश्रमात नर्स होती. तिथल्या म्हाताऱ्या अर्नी टॅलबर्टचा तिला भयंकर राग यायचा. हा ऑस्ट्रेलियन नट जुन्या हॉलिवूडपटांत तोंडाला काळा रंग फासून भारतीय हमाल, नोकर, नाहीतर चोर व्हायचा.

एका रविवारी त्याची दाढी करताना ती बोललीच, "आमची टिंगल करून नाव कमावलंत. लाज नाही वाटली?"

"मेकअप मी दार लावून स्वतःच करायचो," तो खेकसला. "काळा रंग लावत नव्हतोच मी. रोजचा गोरा रंग पुसायचो. माझी आई ऑस्ट्रेलियातली आदिवासी होती."

रोशनीचा हात थांबला.

"बघत काय बसलीस? त्या डब्यातली पांढरी पावडर तोंडाला लाव आधी. मुलगी येतेय भेटायला, तिला यातलं काही ठाऊक नाही."