टेबलावरची किल्ली

“बाई, किल्ली सुटतेय,” चित्रं साफ करणारे कापूसकाका म्हणाले.

संग्रहालयाच्या संचालिकाबाई दारातच थांबल्या. आल्या होत्या त्या घाई करायला. उद्या अकरा वाजता नव्या दालनाचं उद्घाटन, आणि दालनातलं मुख्य चित्र अजून दुरुस्तीच्या खोलीत आडवं पडलेलं. वरचं जुनं पिवळं वार्निश काढायला दोन दिवस पुरतील, असं काकांनी सांगितलं होतं. आज पाचवा दिवस होता.

“सुटतेय म्हणजे?”

काकांनी काडीला गुंडाळलेला बोळा वर धरला. त्याला पितळी रंग लागला होता. “वार्निश खाली आहे, किल्ली त्याच्यावर. चित्र पुरं होऊन वाळल्यावर कोणीतरी मागाहून रंगवलीय.”

चित्रात एक तरुण बाई टेबलाशी बसली होती आणि तिच्या बोटांशी एक छोटी किल्ली होती. सही कुठेच नव्हती. पण एक नामांकित चित्रकार आपल्या प्रत्येक चित्रात अशी किल्ली काढायचा. सर, म्हणजे संचालिकाबाईंचे गुरू, वर्गात ठासून सांगायचे, की हे चित्र त्याचं नाही, त्याच्या मुलीचं आहे. बापाला असा हात जन्मात जमला नसता. संचालिकाबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांनी त्या किल्लीवर अख्खं पुस्तक लिहून सरांना खोटं पाडलं. वर एक तळटीप टाकली: ‘आमच्या गुरुजनांचे डोळे आता थकले असावेत.’ परिषदेत कोणीतरी ती मोठ्याने वाचली आणि सभागृह खो खो हसलं. सर पुन्हा कुठल्या परिषदेला गेले नाहीत. कानामागून आली आणि तिखट झाली, असं लोक म्हणाले. म्हणेनात का! व्याख्यानं, विभागप्रमुखपद आणि शेवटी ही खुर्ची, सगळं त्या पुस्तकामागोमाग चालत आलं.

“तुम्हाला हे आज कळलं?”

काका बोळा बदलत राहिले. “निळ्या दिव्याखाली मागाहून लावलेला रंग काळा दिसतो, बाई. तुमच्या पुस्तकाच्या आधीपासून ही किल्ली काळी दिसतेय.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही या खोलीत आलाच नाहीत. फोटो घेऊन गेलात.”

उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या त्यांनी. ते झोंबलं, आणि खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं.

“पुस्तक आल्यावर तरी सांगायचं.”

“तेव्हा तुमचं नाव झालं होतं आणि माझी नोकरी कच्ची होती.” काकांनी बोळा खाली ठेवला. “घाबरलो मी.”

संचालिकाबाईंनी दार लावून कडी घातली. अर्धी किल्ली चित्रात होती, अर्धी कापसावर. भिंतीपलीकडे ठोकण्याचा आवाज येत होता. चित्रकाराच्या नावाची पाटी बसवत होते.

“परत रंगवता येईल?” आपणच हे विचारलं यावर त्यांचा विश्वास बसेना.

“तासाभरात. कोणाला पत्ता लागायचा नाही.” काकांनी एक बारीक ब्रश काढून कापसाशेजारी ठेवला. “झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही म्हणाल तसं.”

ब्रश घ्या, एवढंच म्हणायचं होतं. त्याआधी एकदा बघावं म्हणून त्या भिंग घेऊन वाकल्या. इतक्या जवळून हे चित्र त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. किल्ली जिथून पुसली गेली होती, तिथे टेबल नव्हतं. तिथे त्या बाईच्या बोटाचं टोक होतं. नीट कापलेलं नख, आणि नखाच्या कडेला अडकलेला हिरवा रंग. दिवसभर रंगात काम करून कितीही हात धुतले तरी राहतो, तसा.

स्वतःचंच चित्र काढलं होतं पोरीने.

संचालिकाबाईंचे डोळे भरून आले. लाज वाटली म्हणून, आणि ते नख इतकं सुंदर काढलं होतं म्हणूनही.

“कापूस द्या,” त्या म्हणाल्या.

उरलेली किल्ली पुसायला वीस मिनिटं लागली. त्यांचा हात नेमका राहावा म्हणून काकांनी कोपर धरून ठेवलं. मग संचालिकाबाईंनी सरांना फोन लावला. तिकडे बराच वेळ रिंग वाजली.

“सर, मी बोलतेय. तुमचं बरोबर होतं. चित्र मुलीचंच आहे. तिच्या नखात रंग आहे, सर.”

बोलता बोलता त्यांनी तो बारीक ब्रश काकांकडे परत सरकवला.

“उद्या या ना. पाटी बदलायचीय. तुम्ही सांगाल तसंच लिहीन.”

“तूच लिही,” सर म्हणाले. “माझे डोळे थकलेत.”