दादाच्या जागी

"हलू नकोस. आत्ता तू तू नाहीस," शिल्पकार म्हणाला आणि त्याने धाकट्याची हनुवटी बोटाने जराशी वर केली.

धाकटा स्टुलावर बसला होता. समोर फिरत्या पाटावर मातीचं डोकं होतं. डोकं दादाचं होतं, कान धाकट्याचे होते.

दादा परक्या देशात मारला गेला होता, शांतता राखायला गेलेल्या तुकडीत. पेटी आली ती बंद, आणि उघडू नये अशा सूचनेसकट. चौकात त्याचा अर्धपुतळा बसवायचं ठरलं, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं की घरात फोटो काढायचा तो दादाच. फोटोंत सगळे होते, दादा नव्हता. शेवटी ओळखपत्रासाठी काढलेला एक फोटो सापडला. शिल्पकाराने तो उलटासुलटा करून पाहिला.

"हा समोरून झाला. मागून? पुतळ्याला लोक मागूनही बघतात."

म्हणून धाकट्याला बोलावलं होतं.

जन्मापासून तो दादाचंच वापरत आला होता. दादाचे सदरे, दादाची सायकल, दादाची पुस्तकं, समासातल्या चुकीच्या उत्तरांसकट. त्याचं काही दादाला चालण्याची ही पहिलीच वेळ होती. पण दादाचं घ्यायची सवय काही सुटली नव्हती. येत्या सोमवारी त्याला त्याच तुकडीत हजर व्हायचं होतं.

हे आईला सांगायचं राहिलं होतं. गेला महिनाभर तो सांगायला तोंड उघडायचा आणि त्याला भूक लागली असं समजून आई ताट वाढायची. त्याचं वजनही वाढलं होतं. आज आई चेहरा बघायला येणार होती. परत जाताना वाटेत सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. ठरवण्यात तो पक्का होता.

आई आली ती मामा आणि नगराध्यक्षांबरोबर. नगराध्यक्षांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली.

"छाती कुठाय?"

"अर्धपुतळा आहे साहेब. छाती इथवरच येते."

"येते तेवढी तरी भरदार करा. आणि मिशा?"

"मिशा नव्हत्या त्याला," मामा म्हणाले. त्यांना स्वतःला झुपकेदार होत्या. "फुटतच नव्हत्या. ते वडिलांकडून आलंय. आमच्या बाजूचा काही दोष नाही. याच्याकडे बघा ना."

सगळ्यांनी धाकट्याच्या वरच्या ओठाकडे पाहिलं. हलायचं नव्हतं, म्हणून त्याने ओठ होता तिथेच ठेवला.

"सैनिक म्हटला की थोडी तरी मिशी लागते हो," नगराध्यक्ष म्हणाले. "लोक काय म्हणतील? वहिनी, तुम्हीच सांगा. दिसतो का तसा?"

आई पुढे झाली. तिने समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, मग पाठीमागे गेली. तिथे ती बराच वेळ थांबली. मानेजवळच्या मातीला हात लावायला गेली आणि माती ओली आहे हे पाहून तिने हात मागे घेतला.

"मागून दिसतो," ती म्हणाली.

"आणि समोरून?"

"समोरून हा दिसतो." हा म्हणजे धाकटा.

शिल्पकाराने ओशाळून हात पुसले. "थोडं याच्यावरूनच घेतलंय, ताई. ओळखपत्रातला माणूस कुणासारखाच दिसत नाही. पण माती अजून ओली आहे. पुढच्या गुरुवारी हा आणखी एकदा बसू दे, मग त्यातून दादा वेगळा काढतो."

"गुरुवारी मला जमणार नाही," धाकटा म्हणाला. ओठ शक्यतो न हलवता.

"का?" मामांनी विचारलं. "तुला रे कसलं काम गुरुवारी?"

दात दुखतोय म्हणता आलं असतं. मित्राचं लग्न आहे म्हणता आलं असतं. पण मान ताठ, हनुवटी वर आणि छाती पुढे काढून बसलेल्या माणसाला थाप सुचत नाही.

"सोमवारी हजर व्हायचंय. दादाच्या तुकडीत."

"वा!" नगराध्यक्ष म्हणाले. "याला म्हणतात..." पण याला काय म्हणतात ते त्यांना आठवेना. मामा जवळच्या पोत्यावर बसले. पोतं प्लास्टरचं होतं. त्यांची पँट पांढरी झाली, पण कुणी सांगितलं नाही.

आई बसली नाही. ती रडेल, असं धाकट्याने धरलं होतं. ती रडली तर काय बोलायचं, ते त्याने पाठ करून ठेवलं होतं. न रडणाऱ्या आईशी काय बोलायचं, याचा त्याने विचारच केला नव्हता.

ती त्याच्यापाशी आली. त्याच्या कानाला माती लागली होती. ती तिने अंगठ्याने पुसली, लहानपणी पुसायची तशी, जरा जोरातच.

"मान वाकडी झालीय तुझी," ती म्हणाली. "सरळ ठेव. त्यांचं काम खोळंबलंय."

मग ती शिल्पकाराकडे वळली. "याचं पुढे काय करता?"

"यावरून प्लास्टरचा साचा घेतो. त्यात मेण, आणि मग धातू ओततात."

"आणि ओतून झाल्यावर साच्याचं काय?"

"फोडून टाकतो. ठेवायला जागा कुठाय, ताई? आणि तोच चेहरा पुन्हा कुणाला लागणार?"

आईने मातीकडे पाहिलं. मग स्टुलाकडे.

"चेहरा आता बदलू नका," ती म्हणाली. "आणि साचा फोडू नका."