सावियोचं वळण

रविवारी चर्चमधून आल्यावर रीमाने फोन समोर ठेवला आणि गिटार हातात घेतली. प्रगती कळावी म्हणून ती दर आठवड्याचा सराव रेकॉर्ड करायची. तिचा भाऊ सावियो अपघातात गेला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या मेंदूतली वादनाची स्मृती काढून ठेवली होती. आता दर महिन्याला रीमा त्या स्मृतीचं इंजेक्शन घेत होती.

आज हात कुठेच अडखळला नाही. तिने रेकॉर्डिंग लावलं, तशी आई ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"सावियोचं जुनं ना हे? कुठे सापडलं?"

"मम्मी, हे मी वाजवलंय. आत्ता."

कितीतरी दिवसांनी आई हसली.

मग रीमाने इंजेक्शनांच्या आधीचं आपलं पहिलं रेकॉर्डिंग लावलं. ताल सुटत होता, पण मध्येच तिने स्वतः रचलेली एक वेडीवाकडी चाल होती.

"आणि हे कोण वाजवतंय?" रीमाने विचारलं.

"कुणी शिकाऊ असेल. बंद कर ते. मघाचं लाव."

रीमाने ती चाल पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. बोटं सुरुवात करायची आणि आपसूक सावियोच्या वळणावर जायची. तिने गिटार खाली ठेवली.

"उद्याचं इंजेक्शन मी घेणार नाही, मम्मी."

आई तिच्याजवळ येऊन बसली. मग तिच्या बोटांवरून हात फिरवत म्हणाली, "आता कुठे तो घरी यायला लागलाय गं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सने बाही वर करायला सांगितली. रीमाने शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं आणि हात पुढे केला.