परवानगी

तो रोबो घरी आणायला मंदाकिनीनेच नवऱ्याला परवानगी दिली होती. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तिला कुणी जवळ आलेलं सोसवेना, आणि तिच्यापायी सदानंदने कोरडं आयुष्य काढावं हेही पटेना. तरी दुपारी त्याने बेडरूमचं दार लोटलं, की तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. निवडलेली मेथी ती पुन्हा निवडत बसायची.

त्या रविवारी आतून हुंदके ऐकू आले. तिने दार ढकललं. सदानंद पलंगाच्या कडेला बसून बाईच्या रूपातल्या त्या रोबोला सांगत होता, "रिपोर्ट आला तेव्हा पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. तोंड धुऊन मगच तिच्यासमोर गेलो."

मंदाकिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. शरीराची परवानगी तिने दिली होती, या रडण्याची नव्हती.

"हे मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्यासमोर नाही जमत गं. तू आधीच किती सोसलंस."

रोबो बंद करायला तिने हात पुढे केला, आणि मागे घेतला. ती नवऱ्याशेजारी बसली.

"मग तिलाच सांगा. मी ऐकते."

सदानंद रोबोकडे बघतच म्हणाला, "तिला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा..." तो अडखळला. मान मंदाकिनीकडे वळली. "तू वळून बघितलंस ना, तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं होतं."

मंदाकिनी हळूच म्हणाली, "मलाही."