चार नंबरचं गेट

मोठ्या विमान कंपनीनं आमची छोटी कंपनी गिळली ती फक्त चार नंबरच्या गेटसाठी. आमची उड्डाणं बंद केली, माणसं घरी बसवली. मला तेवढं ठेवलं. गेट वापरात दिसलं नाही तर विमानतळवाले दुसऱ्याला देतात. म्हणून बाहेर रिकामं विमान उभं करायचं, मी रिकाम्या खुर्च्यांना सूचना द्यायच्या. आज ताईचा फोन आला. "अगं, विमान उतरून कधीचं उभंय. गेट मोकळं नाही म्हणे. बाबा बोलतायत ना अजून?" काचेतून तिचं विमान दिसत होतं. फोन हातानं झाकून मी शेजारी उभ्या साहेबांना म्हणाले, "साहेब, वडील शेवटच्या घटका मोजतायत. हे एक विमान आपल्या गेटवर घेऊ द्या." साहेबांनी माईक पुढे सरकवला. "आज गेट दुसऱ्याला दिलं की कायमचं गेलं." फोन चालूच होता. मी म्हणाले, "प्रवाशांसाठी शेवटची सूचना..." ताई म्हणाली, "बरीच गर्दी दिसतेय तुझ्याकडे. कर बाई तुझं काम."